भाऊंची नळी

१८ जाने., शनि.
दिवा स्टेशनजवळ सुनीताताईंच्या चाळीचं हळदीकुंकू. वाण लुटून झालं, पोरांना आणि नवऱ्यांना बाहेर हाकललं, मग आमचा बाहुल्यांचा खेळ. आवाज शेखरचा. माझा नवरा असला तरी पडद्यामागे, म्हणून चालला. भाऊ-बाहुला, म्हणजे इथल्या पुढाऱ्याची नक्कल, भाषण ठोकतो, 'घराघरात पाणी!' म्हणून गरजतो, लेंगा खाली करतो आणि पहिल्या रांगेवर धार. नळी मी पोटातून काढलीय, रबरी फुगा माझ्या बगलेत. एक म्हातारी उठूनच उभी राहिली, "अगो, हंडे आणा गो! दिव्यात एवढं पाणी कुणी बघितलंय!" बायका हसून आडव्या. सगळ्या चाळीचे नळ कोरडे, त्यात हे.

२० जाने., सोम.
कोणीतरी व्हिडिओ काढलेला. खऱ्या भाऊंपर्यंत पोचला. तीच मिशी, तोच गॉगल, लपवलेलं काहीच नाही. शे.ची गाळण उडालीय. मला बरं वाटलं. झोंबावं म्हणूनच केलेलं ना?

२२ जाने., बुध.
भाऊंनी ऑफिसात बोलावलं. मी भांडायच्या तयारीने गेलेले. भाऊ उठून उभे, "या वहिनी, या!" बाहुला मांडीवर घेतला, सेल्फी काढले. "एक नंबर! मिशी डिट्टो माझी!" मग मुद्दा. २ तारखेला मैदानावर त्यांचं भव्य ह.कुं., तिथे हाच खेळ हवाय. फक्त पाणी हातातून आलं पाहिजे. "शेवटी लेडीजचा प्रोग्राम आहे, वहिनी."
लेडीज! आणि दिव्यात कोण होत्या?
रागावला असता, पोरं पाठवली असती, तर परवडलं असतं. हा हसतो! गेंड्याची कातडी म्हणतात, पण गेंड्यालाही कधी खाजत असेल.
शे. 'हो' म्हणून मोकळा. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

२३ जाने., गुरु.
कडाक्याचं भांडण. शे. म्हणतो, "अगं, तोच खेळ आहे. नळी थोडी वर सरकवायची."
थोडी वर! हातातून पाणी आलं की झाली त्या माणसाची जाहिरात. बाहुला माझा, मिशी मी चिकटवली, आणि आता तो मैदानभर बायकांना पाणी पाजणार, पडद्यामागून मी फुगा दाबणार.
शे.: "नाही म्हटलं तर ठाण्यापासून कल्याणपर्यंत कोणी स्टेज देणार नाही आपल्याला."
हे खरंय. म्हणून तर जास्त संताप येतो. जेवले नाही. तोही नाही.

३० जाने., गुरु.
क्लास संपवून घरी आले तर बाहुल्याच्या भोकात लांबी, ती सुतारांची पुट्टी, भरून वरून रंग मारलेला. नळी बाहीतून ओवलेली. काम सफाईदार, हे आणखी डोक्यात गेलं. इतक्या वर्षांत मी त्याच्या संवादातला एक शब्द बदलला नाही, आणि हा माझ्या बाहुल्याला परस्पर…
बाहुला उचलून पेटीत टाकला. बोलले असते तर आमच्या चाळीसमोर तमाशा झाला असता.

१ फेब्रु., शनि.
संध्याकाळी सुनीताताईंचा फोन. "बाई, उद्या भाऊंनी आम्हाला बस पाठवलीय. अख्खी चाळ येतेय. वाण काय देणारेत माहितेय? बादली! भाऊंचा फोटो छापलेली. नळाला पाणी नाय, बादल्या वाटतायत मेले." मग आवाज खाली करून, "पण भाऊ मुतणार ना?"
त्या विचारत होत्या आणि मी लांबीवरून बोट फिरवत होते.
म्हटलं, "पुढच्या रांगेत बसा."
शे. मैदानावर माईक बघायला गेलाय. लांबी दगडासारखी बसलीय. स्क्रूड्रायव्हरने टोकरतेय. निम्मी निघाली, पण आजूबाजूचा रंगही उडाला. शे. आल्याआल्या बघणार. सांगायचं काय, ते अजून ठरलं नाही, पण नळी पुन्हा पोटातूनच येणार.