अंगठीतल्या खड्याबाबत

मी, खाली सही करणारी, अविवाहित, प्रयोगशाळेतून कालच निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. इतरांच्या बुद्धीची हमी कालपासून मी देऊ शकत नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. तिने ते भडक पडदे खुशाल लावावेत. मी बघायला नसेन.

२. माझे चिमटे आणि भिंगे चिमणीला. चिमणी म्हणजे माझी शेवटची विद्यार्थिनी. हात सोन्याचे आहेत. डोक्याबद्दल कलम ४ पाहावे.

३. संचालकांना काहीही नाही. "दोष असलेला हिरा कशाला, बाई? चांगला मागवा की," असे ते भर बैठकीत म्हणाले होते. मी शांतपणे समजावले की दोषच हवा आहे. हिऱ्यात कार्बनचा एक अणू गळालेला असतो, शेजारी नायट्रोजनचा असतो. या जोडीच्या मदतीने जवळच्या कार्बनमध्ये क्वांटम माहिती ठेवता येते. डोळ्याचे पाते लवायच्या आत पुसली जाणारी ती स्मृती आम्ही कडाक्याच्या थंडीत मिनिटापलीकडे टिकवली. तसा दोष एकाच खड्यात सापडला. शोधताना माझे केस पिकले.

४. काल निरोपसमारंभात चिमणीने माझ्यापुढे डबी धरली. आत अंगठी. अंगठीत तोच खडा.

"मॅडम, तुमचा खडा तुमच्याकडेच राहायला हवा. चमकत नव्हता, म्हणून वरून घासून घेतला."

दोष वरच्याच बाजूला होता, केसाच्या जाडीइतकाही खोल नाही. त्याचा नकाशा हिनेच काढला होता. पुढच्या मोजमापांचे काय, असे मी विचारले.

"पण मॅडम, निकाल छापून आला ना."

म्हणजे तिच्या लेखी काम संपले. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी भेट हसून घ्यायला शिकवले होते, म्हणून मी हसले, बोट पुढे केले. टाळ्या वाजल्या. मला अजून खरे वाटत नाही.

५. माझ्या मृत्यूनंतर चिमणीने सोने तोडून खडा पुन्हा थंडीत ठेवावा आणि अधिक खोलवर दुसरा दोष शोधावा.

६. कलम ५ रद्द. त्यासाठी मी मरायची वाट कशाला पाहायची? उद्या सकाळी अंगठी घेऊन मीच प्रयोगशाळेत जाते. चिमणीला फोन केला आहे, रडत होती. पक्कड घेऊन ये, म्हटले.

खोडलेल्या कलमाशेजारी दोन्ही साक्षीदारांनी सह्या केल्या आहेत.

सही: (माझी, न थरथरता)
साक्षीदार: तळमजल्यावरच्या दंतवैद्य
साक्षीदार: समोरचे निवृत्त पोस्टमास्तर
ठिकाण: माझे जेवणाचे टेबल
दिनांक: निवृत्तीचा पहिला आणि बहुधा शेवटचा दिवस