गलती करणाऱ्यांस

आबा, परवा चोपड्याच्या स्टँडवर एका बाईने पिशवीतून साखरफुटाणे काढून माझ्या ओंजळीत टाकले. "घे बेटा, गडावरून आलो," म्हणाली, आणि माझ्या मागे कोणीतरी खोकलं. एकदाच, घसा साफ केल्यासारखं. वळून पाहिलं तर नुसती भिंत, तिच्यावर कोचिंग क्लासच्या जाहिराती. पण खोकला तुमचाच होता. फुटाणे मुठीत धरून मी यावलपर्यंत तशीच बसले आणि उतरताना सीटवर ठेवून दिले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी धुळं सोडलं, तुमचं टायरचं दुकान होतं तिथे आता रसवंती आहे, तरी कोणी देवाचं म्हणून काही हातावर ठेवलं की तुम्ही पाठीमागे येऊन उभे राहता.

ती तुमची खूण होती. ओरडायचं नाही, नुसतं खोकायचं. शेजारी आरतीचं ताट फिरलं की खोकला, मैत्रिणीच्या आईने कुंकवाचं बोट माझ्या कपाळाकडे आणलं की खोकला. एकदा मी शाळेतून दुकानावर आले ती तोंडात पेढा घेऊनच. कुणाच्या तरी गणपतीचा. तुम्ही ट्रकचं चाक तसंच सोडलंत, मडक्यातलं पाणी दिलंत आणि ड्रायव्हरसमोर मला चूळ भरायला लावलीत. "अरे भाई, बच्ची है," तो म्हणाला. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणालात, "आपण सुटलेली माणसं आहोत आता." मी चूळ टाकली, डांबरावर पांढरं पाणी पसरलं, आणि मला एवढंच वाटत होतं की सुटलेली माणसं अशी असतात का.

तुम्ही कायम असे असता तर सोपं गेलं असतं. विसरले असते. पण मी तुम्हाला सुटलेलं पाहिलंय, एक उन्हाळाभर. त्याआधी तुम्ही नवसाला पक्के. चैत्रात देवीच्या गडावर अनवाणी, सोमवार धरलेला, शनिवार धरलेला, चार महिने वांगं बंद. खानदेशात राहून वांगं बंद म्हणजे घरात काय चालायचं ते आईलाच माहीत. हिवाळ्याच्या तोंडाला शेजारून भरिताचा वास आला की तुम्ही दुकानावर निघून जायचात. चुकून एक उपवास मोडला तर दोन धरायचात, आणि तरी धाक जायचा नाही, काहीतरी राहिलं असेल, कुठेतरी चुकलं असेल. मग आई आजारी पडली, कुणीतरी तुम्हाला देवपुरातल्या प्रार्थनेच्या खोलीत नेलं. आई बरी झाली. लोकांना वाटतं तुम्ही त्यामुळे ख्रिस्ताकडे वळलात. मी त्या खोलीत तुमच्या मांडीला टेकून बसले होते, मला खरं माहीत आहे. तुम्ही एका पत्रामुळे वळलात.

तिथे शास्त्र वाचायला एक रिटायर कारकून काका होते. ते म्हणाले, आज आपण प्रेषिताने गलतीकरांना लिहिलेलं पत्र वाचू. तुम्ही ताठ झालात. हायवेवर दिवसभर "गलती हो गई भाई" ऐकणारे तुम्ही, तुम्हाला दुसरं काय ऐकू येणार? घरी येऊन आईला म्हणालात, "गलती करणाऱ्यांना पत्र आहे त्यात. नीट वागणाऱ्यांना नाही, गलती करणाऱ्यांना. माझं नावच घेतलं की त्यांनी." आई म्हणाली, "काय लिहिलंय मग?" तुम्ही म्हणालात, "लिहिलंय, पुरे कर. तुझ्यासाठी जे करायचं होतं ते झालंय."

त्या उन्हाळ्यात आपल्या घरात शनिवारी भरीत झालं. तुम्ही दोनदा वाढून घेतलंत आणि आईला म्हणालात, "एवढी वर्षं मी देवाला घाबरत होतो का वांग्याला?" आई पदर तोंडाला लावून हसत होती. तुम्ही शिट्टी वाजवत पंक्चर काढायचात. मला जवळ बसवून ट्यूब पाण्याच्या टपात बुडवलीत, बुडबुडे दाखवलेत, आणि म्हणालात, "बघ, नेम-नियम म्हणजे हे पाणी. भोक कुठंय ते दाखवतं. बुजवत नाही. मी येडा, ट्यूब नुसती बुडवतच बसलो." तेवढं एकच प्रवचन मला आयुष्यात कळलं. पुढे लाउडस्पीकरवाली पुष्कळ ऐकली, जळगावला, भुसावळला, एकदा तर मंडपात जेवण चांगलं असतं म्हणून गेले होते. ते असो.

मग एका रविवारी साक्ष द्यायला तुम्ही उभे राहिलात आणि सगळ्यांसमोर सांगितलंत, मला पत्र आलं, गलती करणाऱ्यांना आलेलं. खोलीत हशा पिकला. काका प्रेमानेच म्हणाले, "भाऊ, गलती नाही हो. गलतिया. मुलूख आहे तो, तिथले लोक ते गलतीकर. आपण जळगावकर म्हणतो ना, तसं." तुम्हीही हसलात. काकांचं काही चुकलं नव्हतं. पण येताना पांझरेच्या पुलावर तुम्ही सायकल थांबवलीत. मी मागच्या कॅरिअरवर. कठड्याला हात टेकून खाली बघत म्हणालात, "म्हणजे ते आपल्याला नव्हतं." मला वाटलं पाण्याबद्दल बोलताय. पाणी नव्हतंच नदीत.

त्यानंतर शिट्टी बंद झाली. ज्याला पत्र आलेलं नाही त्याने निदान शिस्तीत तरी राहावं, असं काही तुमच्या मनाने घेतलं असणार. प्रार्थना सकाळी एकदा होती ती तीनदा झाली. आईने कुंकू आधी लहान केलं, मग पुसलं. कोणी आईला तसं करायला सांगितलं नव्हतं, खोलीतल्या निम्म्या बायका कुंकू लावून यायच्या. आणि खोकला सुरू झाला. जुने सगळे धाक परत आले, फक्त कपडे बदलून.

मोठी माय आली ती त्याच श्रावणात. तुमच्या थोरल्या भावाची बायको, शिरपूरकडून दोन गाड्या बदलून, कानबाईदेवीच्या रोटाच्या प्रसादाला बोलवायला. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, आणि त्याच्या दळणात घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ पडते. तुम्ही तिला दारातच उभं केलंत. "वैनी, मी त्यामाईन निंघी गऊ. मन्हा नावनं काही टाकू नका." ती चपला काढायला वाकली होती, तशीच थांबली. "भाऊ, देव मान, नको मान. तुन्हा नावनी मूठ मी दळणमा टाकी दिन्ही. आते ती काढू कशी?" तुम्ही खोकलात. तिला ती खूण माहीत नव्हती. ती म्हणाली, "खोकला शे तर अडुळसा ले," आणि पाणीही न पिता स्टँडकडे गेली. पुढे तुम्ही कधी त्या गावाला गेला नाहीत. भावाच्या मातीलासुद्धा.

शेवटी खरंच छाती गेली तुमची. जळक्या रबराचा धूर, सिव्हिलच्या डॉक्टरांनी सांगितलं. तुम्ही दिवसभर खोकायचात आणि मी उशाशी बसून विचार करायचे, यातला कोणता खोकला माझ्यासाठी आहे. हातातला बिस्किटाचा पुडा सुद्धा खाली ठेवायचे. बहुतेक ते तेव्हापासूनच राहिलंय माझ्यात.

कॉलेजला नाव घातलं होतं, गेले नाही. सूतगिरणी, मोबाइलचं दुकान, मग सावद्याला केळीच्या पॅकिंगला. तिथे टेम्पोची वाट बघत घडांच्या ढिगावर बसून मी ते पत्र पहिल्यांदा मोबाइलवर स्वतः वाचलं. आबा, ते लोक सुटलेलेच होते. मग त्यांना कोणीतरी येऊन सांगितलं, विश्वास ठीक आहे, पण सोबत हे पाळा, ते दिवस पाळा, तेव्हा तुम्ही पुरे. आणि ते घाबरून पुन्हा पाळायला लागले. प्रेषित चिडलाय त्यांच्यावर, तुम्ही जॅक न लावता चाकाखाली शिरणाऱ्यावर चिडायचात तसा, जीव जाईल म्हणून. गलतिया कुठे आहे मला माहीत नाही. पण पुलावर उभा राहिलेला माणूस त्यातलाच होता. ते पत्र तुम्हालाच होतं. हे सांगायला मी कुठे येऊ?

हा कागद मी जळगावच्या खोलीत लिहितेय आणि तो कुठल्याच पत्त्यावर जाणार नाही, म्हणून एक सांगते. या श्रावणात मी गेले. सकाळची उपासना करून शिरपूरच्या गाडीत बसले. मोठी माय पार वाकलीय. मी दारातच म्हटलं, "मी कानबाईला हात जोडणार नाही." ती म्हणाली, "मी कोठे म्हनं जोड? भूक लागेल शे का, ते सांग." भाऊबंदांतली एक बाई हसली, "ख्रिश्चन पोरगी रोट खाई का?" मोठी माय तिला म्हणाली, "पोरगी मन्ही शे. तू तुन्हं ताट देख."

ताट पुढ्यात आलं. रोट, खीर, गंगाफळाची भाजी. मला पक्कं ठाऊक होतं की खाल्ल्याने मी ख्रिस्तापासून तुटणार नाही आणि न खाल्ल्याने जवळ जाणार नाही, जे व्हायचं ते त्याच्या कृपेने झालंय. पॅकिंगमधल्या पोरींना मी हे तासतास सांगते. मी डोळे मिटले. मोठ्या मायला वाटलं, पोरगी तिच्या देवाचे आभार मानतेय; तिने सगळ्यांना हाताने गप्प केलं. मग मी जेवले, पोटभर जेवले. पण डोळे मिटून मी देवाशी बोलत नव्हते, आबा. तुम्हाला विचारत होते, खाऊ का.