संशय आला की काढून टाका

३ जून, मंगळवार

अपमान! तोही भर मीटिंगमध्ये!

आठवडा घालवून अख्ख्या ऑफिसच्या अँटिव्हायरसचं सेटिंग ठरवलं मी. रोजचं झटपट स्कॅन जेवणाच्या सुट्टीत, पूर्ण स्कॅन शनिवारी. पेनड्राइव्ह लावला की तपासणी. संशयास्पद फाईल आधी कोंडून ठेवायची, मी बघणार, मगच काढायची. यात कुणाचं काय अडतं?

टाचणीचं अडलं. टाचणी म्हणजे आमचा हेडक्लार्क – सारखा टोचतो. जेवायला जाताना कॉम्प्युटर बंद करून जातो, म्हणे वीज वाचते. मग चुकलेलं स्कॅन सुरू झालं तीन वाजता, नेमके इंजिनीअरसाहेब त्याच्यासमोर बसलेले असताना. आज मीटिंगमध्ये म्हणतो, 'बाईंनी मशीनला दमा लावलाय.' सगळे हसले. साहेबही हसले. आणि मला कायम करायचं की नाही ते याच महिन्यात ठरणार! सहा वर्षं कंत्राटावर काढलीत.

४ जून

नणंद फोनवर – 'जाऊ दे ना वहिनी.' नाही जाऊ देणार.

६ जून

केलं. फक्त त्याच्या मशीनला. पूर्ण स्कॅन, रोज, सकाळी साडेदहाला. संशयाची पातळी सगळ्यात वर. कोंडून ठेवणं बंद – संशय आला की थेट काढून टाका, विचारू नका. त्याचे ते मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, घातलेले पत्रांचे जुनाट नमुने हमखास संशयात सापडतात. बसू दे बोंबलत.

असलं सेटिंग दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. तरी मजा आली. खोटं कशाला लिहू?

९ जून

दिवसभर माऊस आपटत होता. डबा गोड लागला.

१० जून

साडेदहाला त्याच्या टेबलापाशी मुद्दाम दोन चकरा मारल्या. 'बाई, जरा बघता का हो?' – इतका मऊ आवाज! 'लेखी तक्रार द्या,' म्हटलं. त्याचंच पेटंट वाक्य. गेला परत.

११ जून

टाचणी आला. उभाच राहिला.

'बाई, तुम्हाला कायम करायची शिफारस लिहिली होती. चार दिवस खपलो, सहा वर्षांची कामं एकेक शोधून घातली. त्या दिवशी बोललो ते बरं नाही केलं मी. सकाळी शेजारच्या मशीनवरून जुना नमुना आणून त्यात बसवली, कच्चा मसुदा काढून टाकला. बाराच्या आत वर पाठवायचीय, आणि फाईलच दिसत नाही. तुम्ही कोंडून ठेवता ना अशा फायली?'

'बघते,' म्हटलं. बघणार काय, डोंबल.