रंगरावकाकांची कुऱ्हाड

लोणी काळभोर, पुणे
१४ डिसेंबर १९९७

ती. बाबांना प्रल्हादचा पाया पडून नमस्कार.

मी बरा आहे. मेसचं जेवण आता अंगवळणी पडलंय. सोबतचे बहुतेक जण कॉम्प्युटरच्या क्लासला जातात, मी मेकॅनिकललाच खूश आहे. आपल्या भट्टीच्या भात्याचं कातडं बदललंत का? आईचे पाय अजून सुजतात?

काल तोंडी परीक्षा झाली. सरांनी विचारलं, कठीणपणा आणि चिवटपणा यांत फरक काय. मला रंगरावकाकांची कुऱ्हाड आठवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत, तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक केल्यावर तुम्ही ते पुन्हा शेकायला घेतलंत, तेव्हा मी गिऱ्हाइकांसमोर तुम्हाला अडवलं होतं. म्हणालो, "कशाला मऊ करता? कडक तेच मजबूत." तुम्ही माझं ऐकलंत. आठवडाभरात बाभळीवर धार तुटली, आणि तुम्ही काकांना म्हणालात, माझ्याच हातून चुकलं.

मी उत्तर दिलं, कडक पातं लवकर झिजत नाही, पण घाव सोसायला चिवटपणा लागतो, म्हणून ते पुन्हा शेकतात. पैकीच्या पैकी गुण मिळाले.

सरांनी विचारलं, "हे कुठे शिकलास?"

बाबा, मी पुस्तकाचं नाव सांगितलं.

तुमचा,
प्रल्हाद