धरून ठेवलेली नोंद

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज कामावर रुजू झालो. लालबागहून चालतच परळला गेलो. हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमची खोली आहे. खिडकीतून गिरणीची उरलेली चिमणी दिसते आणि तिला खेटून उभा असलेला काचेचा टॉवर. खोली गार आणि स्वच्छ आहे. बरं वाटलं. महिन्याभरात पहिल्यांदा नीट भूक लागली.

माझं काम डेटाबेस सांभाळायचं. जो पेशंट येतो त्याचं नाव, पत्ता, रिपोर्ट, औषधं सगळं एका सर्व्हरवर जातं. तो नीट चाललाय ना हे दिवसभर बघायचं आणि अडला तर का अडला ते शोधायचं. या कामात फार बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडतं.

खोलीत नेरिसा आहे, गिरगावची. तिने घरून फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, आणले होते. मी एक घेतला तर म्हणाली, "एकाने काय होणार मॅन, लाजतो काय?" मग तीन खाल्ले. साहेब चिंतामणी सर. माझा भाऊ अभय याच हॉस्पिटलात वारला. त्याचे कागद घ्यायला खेपा घालत होतो तेव्हा सरांशी ओळख झाली आणि त्यांनीच ही जागा रिकामी असल्याचं सांगितलं. माझ्या आधी टेरेन्स नावाचे गृहस्थ होते, ते उन्हाळ्यात हार्ट अटॅकने गेले. दुहेरी नोंदी एक करायचं त्यांचं काम अर्धं राहिलंय. एकच पेशंट दोनदा नोंदला गेला असेल तर दोन नोंदींची एक करायची, एवढंच. सर म्हणाले, सावकाश बघू.

रुजू होताना तपासणी झाली, त्यामुळे पेशंट म्हणून माझीही नोंद झाली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, सर, तुमची नोंद आधीच आहे. मी सांगितलं, ती भावाची. आम्ही जुळे. आडनाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, पत्ता, आईचा फोन, सगळं एक. तिने नवीन नोंद केली आणि खाली मान घालून सॉरी म्हणाली.

आई अजून माझ्याकडे सरळ बघत नाही. चेहरा तोच आहे, तिचा तरी काय दोष.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

कटकटीचा दिवस. सकाळी ओपीडीची गर्दी सुरू झाली आणि सर्व्हर अडला. काउंटर, लॅब, फार्मसी, सगळ्यांचे फोन एकदम. कारण मात्र साधं निघालं. डेटाबेसमध्ये एखादी नोंद कोणी लिहायला घेतली की ती त्याच्या ताब्यात जाते. त्याने सोडेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. आमच्या चाळीत संडासाला एक जण आत बसला की बाहेर बादल्या घेऊन रांग लागते, तसंच हे.

आत बसलेला कोण ते पाहिलं. टेरेन्सचं लॉगिन.

ते तोडलं. रांग सुटली. पाचेक मिनिटांत पुन्हा टेरेन्स. पुन्हा तोडलं. सरांना सांगितलं तर म्हणाले, कुठल्या तरी जुन्या प्रोग्राममध्ये त्याचा पासवर्ड राहिला असेल, शोध. मी सगळे प्रोग्राम शोधले. कुठेही नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

शुक्रवारी टेरेन्सचं लॉगिन बंद केलं. शनिवारी काढूनच टाकलं. आज सकाळी सर्व्हर बंद करून चालू केला, त्यासाठी चार जणांच्या सह्या घ्याव्या लागल्या. ओपीडी सुरू झाली आणि नसलेल्या लॉगिनने पुन्हा तीच नोंद धरली. कुठल्या मशीनवरून आलाय त्या रकान्यात काही नाही. तो नवीन काही लिहीतही नाही. एक जोडी एक करायला घेतलीय आणि तिथेच बसलाय.

मला राग आला. बिघाडाला कारण असतं. ते सापडत नसेल तर मी कमी पडतोय, एवढाच त्याचा अर्थ.

फार्मसीवाल्याने फोनवर विचारलं, नवीन माणूस आणलाय की नवीन प्रॉब्लेम? सर सगळ्यांसमोर म्हणाले, "काय मसुरकर, मेलेला माणूस तुला भारी पडतोय?" मग लगेच माझ्यासाठी चहा मागवला. मला चहा नको होता. प्यायलो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळपासून सात वेळा तोडला, सात वेळा आला. खाली एका बाईने काउंटरची काच आपटून फोडली. तिच्या नातवाचा रिपोर्ट अडकला होता.

दुपारी नेरिसाने अभयच्या दहाव्याचं विचारलं. मी सहसा बोलत नाही, पण सांगितलं. बाणगंगेला केलं. पिंडाला कावळा शिवेना. काका म्हणाले, इच्छा राहिलीय, बोला काहीतरी. मामा म्हणाले, तुझ्या आईला काही कमी पडू देणार नाही. मीही हात जोडून तेच म्हणालो. कावळे कठड्यावर बसून बघत राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून आईचं एकच, त्याचा कायतरी रवलाहा रे.

नेरिसाने तिचा डबा बंद केला. मग हसवायला म्हणून असेल, स्क्रीनकडे बोट करून म्हणाली, "ह्याला पण प्रॉमिस कर ना तसंच. बोल, तुझं बाकीचं मी करतो, तू जा बाबा."

तेवढ्यात पुन्हा फोन वाजायला लागले. डोकं उठलं होतं. मी खरंच स्क्रीनसमोर हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, टेरेन्स, तुमचं राहिलेलं काम मी पुरं करीन. आता सोडा.

सुटलं.

रांग सुटली, फोन थांबले. नेरिसाने हसत हसत क्रूसाची खूण केली. सर बाहेर येऊन म्हणाले, काय केलंस? मी म्हटलं, सेटिंग बदललं. दुसरं काय सांगणार.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दोन दिवस टेरेन्स आला नाही. सर्व्हर सुरळीत चाललाय.

कँटीनमधून परत आलो तर माझ्या नावाचं लॉगिन काम करत होतं. मी मशीन बंद करून गेलो होतो. ते कोणाला अडवत नव्हतं. दुहेरी नोंदी शोधून भराभर एक करत होतं, आडनावांच्या क्रमाने. पहिल्या काही जोड्या तपासल्या, बरोबर होत्या. खरं सांगायचं तर आधी बरंच वाटलं.

मग काउंटरवरून फोन आला. फिलोमिना डिमेलो नावाच्या आजी आल्या आहेत आणि सिस्टिम त्यांना मृत दाखवतेय. त्याच नावाची, त्याच वयाची दुसरी बाई दिवाळीत वारली होती. दोघींची एक नोंद झाली होती. नाव नव्या नोंदीतलं, बाकी सगळं जुन्या नोंदीतलं. मी खाली गेलो. आजी बाकावर बसून हसत होत्या. "मी मेली? मग सकाळी मासळी बाजारात त्या कोळणीबरोबर कोण भांडली, माझा भूत?" रांगेतले सगळे हसले. मी माफी मागितली, वर येऊन नोंद हाताने दुरुस्त केली.

संध्याकाळी पाहिलं, ती पुन्हा एक झाली होती.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सकाळी काउंटरवर एक माणूस रडत उभा होता. कॉलिन डिमेलो. आईचा मृत्यूचा दाखला न्यायला आला होता. ती त्याच्या शेजारीच उभी होती. त्याच्या शर्टाची बाही ओढत होती, कॉलिन, अरे बाबा, कॉलिन. त्याने बाही झटकली, माशी बसल्यासारखी. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, त्यांच्या शेजारी कोण आहे? तिने पाहिलं. म्हणाली, कोणी नाही सर.

आजी माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना दिसतो. त्याही मला दिसतात.

वर येऊन माझं लॉगिन तोडलं. आलं. नेरिसाकडून माझे सगळे अधिकार काढवले. तरी आलं. ती घाबरली आणि मग टेरेन्सबद्दल बोलायला लागली. शेवटचे दिवस तो खुर्चीतून उठायचा नाही. जेवायलासुद्धा नाही. सगळे ओरडायचे, तू सर्व्हर अडवून बसलायस. तो म्हणायचा, नेरिसा, मी हात काढला की ते पुढे जाईल.

म्हणजे तो अडकला नव्हता. त्याने धरून ठेवलं होतं. मेल्यावरही सोडलं नव्हतं. आणि मी सोडा म्हणालो.

काम आता जी अक्षरावर आहे. पुढे एम. मसुरकर अभय, मृत. मसुरकर गौतम, नवीन नोंद.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सर्व्हर बंद करा म्हणून सरांच्या फक्त पाया पडायचं बाकी ठेवलं. ते म्हणाले, आयसीयू चाललंय त्याच्यावर, वेड लागलंय का? मग मऊ आवाजात म्हणाले, तू रजा घे, तुला विश्रांतीची गरज आहे. फिलोमिनाबाईंबद्दल सांगितलं तर म्हणाले, गेल्या की त्या दिवाळीत, मी स्वतः पाहिलंय. मी म्हटलं, खाली बाकावर बसल्यात. ते नेरिसाकडे बघायला लागले.

बाकावर आता आजींसारखे बरेच जण आहेत. कोणी कोणाशी बोलत नाही.

मग नेरिसाकडून अधिकार परत घेऊन मी टेरेन्सचंच केलं. अभयची आणि माझी, दोन्ही नोंदी लिहायला घेतल्या आणि लिहिलं काहीच नाही. नुसत्या धरून बसलो. दुपारी काम तिथे आलं आणि थांबलं. पण थांबताना त्याच्या हातातल्या बाकीच्या नोंदीही अडल्या आणि त्यांच्या मागे ओपीडी. फोन. शिव्या. मी उठलो नाही. पाणी प्यायलो नाही.

अभयची नोंद समोर उघडी होती. भरतीची तारीख, बेड, रक्तगट. त्याला असं शेजारी घेऊन बसलोय हे एकदा मनात आलं. बरं वाटलं. लगेच राग आला.

सर आले, उभे राहिले. खाली एका मुलाला रक्त द्यायचंय, त्याचा गट उघडत नाही. मी तुझं तोडू का, म्हणाले. मी नाही म्हणालो. त्यांनी लॅबमध्ये माणूस पळवला, गट कागदावर लिहून आणवला. मुलाला रक्त मिळालं. जाताना एवढंच म्हणाले, उद्या पुन्हा असं झालं तर मी विचारणार नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

रात्र खुर्चीतच काढली. आई फोनवर म्हणाली, जेवलंस काय? तिने बऱ्याच दिवसांनी विचारलं. हो म्हणालो.

सकाळी डुलकी लागली असावी. सरांनी स्वतःच्या मशीनवरून माझं तोडलं. रांग सुटली. खालून टाळ्या ऐकू आल्या.

स्क्रीनवर पाहिलं. मसुरकर, एकच नोंद. नाव गौतम. बाकी सगळं अभयचं —

सर खोलीत आले. मी बोललो. त्यांनी माझ्या खुर्चीवर त्यांची बॅग ठेवली, म्हणजे माझ्या मांडीवर. नेरिसाला म्हणाले, ही जागा लवकर भरायला हवी. बिचारा चांगला होता. ती रडत होती. तिचा हात धरला. तिने हात पुसला, घाम आल्यासारखा —

जिन्यात आजी भेटल्या. सरकल्या, मला बाकावर जागा केली. मी बसलो नाही. घरी जायचं होतं. आईला दिसेन असं —

बुधवार, १९ नोव्हेंबर

आई घरी होती. भिंतीवरच्या फोटोला ताजा हार घालत होती. फोटोला हात लावून म्हणाली, गौतमा, रे गौतमा.

अभयचं नाव घेतलं नाही. दोन पोरं होती हे कोणालाच — शेजारी, काका, कोणालाच —

आई, मी इथे आहे. समोर उभा राहिलो. तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत डोळे. मग भिंतीकडे बघावं तसं पाहून वळली.

मावशी माटुंग्याहून आली. एकटीला इथे ठेवायची नाही, म्हणाली. पिशवी भरली. गॅस बंद आहे ना बघितलं, दिवा मालवला. मी दारात आडवा उभा राहिलो. त्या गेल्या. कशा गेल्या ते —

बाहेरून कडी लागली.

हाका मारल्या. मग थांबलो. गॅलरीतून मुलं पळाली.

भूक लागलीय. डब्यात तांदूळ आहेत, डाळ आहे. धुऊन कुकर लावला, एकट्यापुरता. शिट्टी व्हायची वाट बघत ओट्यापाशी उभा आहे. वाफ यायला लाग —