चांदरीचा आकडा

कामरेज, जि. सुरत
६ जानेवारी १९९७

ती. सौ. सरलाअक्कास गजेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

आमच्या संशोधन केंद्राच्या गोठ्यावर म्हशींना मुसकं बांधून काय मोजतात, असं तू विचारलंस. ढेकर मोजतात. त्यातल्या वायूने हवा तापते म्हणे. म्हणून कमी वायू सोडणाऱ्या म्हशींचीच पैदास वाढवायची, असा डॉक्टर प्रफुल्लभाईंचा प्रयोग आहे. हसू नकोस. चांदरीचा आकडा सगळ्यांत जास्त आलाय. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजतील, आणि तसाच आला तर ती लिलावात जाईल. लिलावातलं जनावर कापायलाच जातं. तिची आई मेली तेव्हा तुझ्या भावजयीनेच, उज्ज्वलाने तिला बाटलीने दूध पाजून जगवलं. उज्ज्वला गेल्यापासून मी दिवसभराचं जे काही असेल ते चांदरीलाच सांगतो. मला फार भीती वाटते, अक्का.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा गजेंद्र

पारोळा
१५ जानेवारी १९९७

चि. गजेंद्र यास अ. उ. आ.

आम्ही दूध मोजतो आणि सुरतकर ढेकर मोजतात, म्हणून तुझे भाऊजी जेवताना ठसका लागेपर्यंत हसले. पण अरे, एवढे ढेकर येतात म्हणजे पोट बिघडलंय. म्हैस फुगली की आपली आई गोडं तेल पाजायची, विसरलास? आठवडाभर तूही पाज. डॉक्टरला कशाला विचारायचं? शिकलेली माणसं प्रत्येक गोष्टीत खोडा घालतात.

जिवाला जप, आणि बहिणीला विसरू नकोस.
तुझी अक्का

कामरेज
२ मार्च १९९७

ती. अक्कास शि. सा. न.

तेल लागू पडलं. आठ दिवस गुपचूप पाजलं आणि आकडा चांगलाच खाली आला. चांदरी वाचली. प्रफुल्लभाईंनी माझी पाठ थोपटली आणि सांगितलं, चांदरीच्या पोटचा रेडा आता पैदाशीला निवडलाय. आईचा आकडा पाहूनच निवडतात. त्याचं बीज गावोगाव जाणार, खानदेशातही. तेलाने आकडा उतरला, वाण काही बदलला नाही. खरं सांगितलं तर चांदरी गेली, आणि गप्प बसलो तर हे खोटं शेकडो गोठ्यांत जन्माला येईल. डॉक्टरांच्या बुटांचा आवाज आला की मी मागच्या दाराने सटकतो.

पत्र फाडून टाक. माया कमी करू नकोस.
गजेंद्र

पारोळा
१९ एप्रिल १९९७

चि. गजेंद्र यास अ. उ. आ.

पत्र फाडलं, पण मनातून जात नाही. परवा आमच्या जनावरांच्या दवाखान्यात तुमच्या त्या रेड्याचं बीज आलं. तुझे भाऊजी म्हैस सोडून निघालेच होते. मी दारात आडवी उभी राहिले. कारण विचारलं तर सांगता येईना. शेजारच्या केशरबाईने मात्र आपली म्हैस भरवून आणली. तुझ्या भावाच्या गोठ्यावरचं म्हणजे खात्रीचं, असं ती मलाच सांगत होती. मला तिच्याकडे बघवेना. तेलाचं खूळ माझं होतं, तेव्हा अर्धा दोष माझा. सांगून टाक, गजू. तुझी नोकरी जाईल या भीतीने मलाही जेवण जात नाही, तरी सांग.

आशीर्वाद आहेतच.
अक्का

कामरेज
११ मे १९९७

ती. अक्कास शि. सा. न.

सांगितलं. नोकरी राहिली. प्रफुल्लभाईंनी वहीतले चांदरीचे आकडे खोडले. मग म्हणाले की तेलाने वायू कमी होतो का, हे पाहायला त्यांना उन्हाळ्यात जास्त आकड्याच्या दोन म्हशी हव्याच होत्या. मी तेल पाजण्याआधी विचारलं असतं, तर पहिली चांदरीच ठेवली असती. आता तिच्या आकड्यांवर कुणाचा भरवसा नाही.

बीज परत मागवलंय. केशरबाईंना तूच समजावून सांग. मंगळवारी लिलाव आहे. दुसऱ्या कुणी दोर धरला तर चांदरी जागची हलत नाही, म्हणून तिला मीच न्यायचं ठरलंय. माझ्यामागे ती कुठेही मुकाट येते.

तुझा लोभ असू दे, अक्का. या आठवड्यात तो जरा जास्त लागेल.
गजेंद्र