लाल रेघेतलं तळं

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

चि. निशा हिस,

आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. कालिंदीकाकूंचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण त्यांची तक्रार गुडघ्यापेक्षा माझ्याबद्दलच जास्त असते. विमानतळाच्या बाजूला आणखी दोन इमारती उठल्या, त्यामुळं आमच्या गॅलरीतून दिसणारा लिंब आता दिसत नाही. गंगापूरला तुझा जम बसला असेल. आरोग्य केंद्रातलं काम म्हणजे दिवसभर उभं राहणं आलं, तेव्हा निदान जेवण तरी वेळेवर करत जा. तू ते करणार नाहीस हे मला ठाऊक आहे, तरी लिहिण्याची रीत म्हणून लिहितो.

सर फोन करायचा सोडून पत्र का लिहीत बसले, असं तुला वाटेल. फोनवर तू ‘सर’ म्हणतेस आणि माझी जीभ अडते. मागच्या आठवड्यात तशीच अडली. तेव्हा मी तुला जे सांगितलं ते खरं नव्हतं. पण ते पुढं सांगतो. मला क्रमानं सांगू दे, नाहीतर मी मधेच पळवाट काढीन.

तू मागितलेलं निवेदन मी लिहायला घेतलं होतं. सोलर कंपनीच्या कुंपणाआड गेलेल्या तळ्याची वाट मोकळी करून मिळावी म्हणून तू गावातर्फे जो अर्ज केलास, त्याला जोडायचं निवेदन. चार मसुदे केले. चौथा तर इतका झोकात उतरला की मी तो काकूंना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की, परक्या भाषेतला कागद पुढं करून जमिनी घेणं ही जगाची जुनी चाल आहे. आफ्रिकेत तेच झालं, अमेरिकेत तेच झालं. आपण तर निजामाच्या मुलखातले, आपल्या आज्या-पणज्यांनी न कळणाऱ्या उर्दू-फारशी कागदांवर अंगठे दिले. आता कागद इंग्रजीत आहे एवढंच. मी मराठी शाळेतला साधा मास्तर, मला तो करार कळला नाही आणि म्हणून गावाला नीट सांगता आला नाही. वाचून झाल्यावर मी काकूंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, “छान लिहिलंय,” आणि भाजी निवडत राहिल्या. पस्तीस वर्षांत त्यांचं ‘छान’ मला चांगलं कळायला लागलं आहे. तरीही मी सही करणार होतो.

मग परवाच्या रविवारी तुझे आबा आले.

सकाळी दार वाजलं, बघतो तर कडूबा. लिफ्टवर भरवसा नाही म्हणून पाच मजले चढून आलेले, आणि हातात हरभऱ्याच्या डहाळ्यांची जुडी. काकूंनी चहा टाकला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. बावीस शेरडांतली आता पाच राहिली, हे त्यांनी कुणाच्या लग्नाची बातमी सांगावी तितक्या सहज सांगितलं. तळ्याला कुंपण पडल्यापासून जनावरं पाण्याला पार हातपंपापर्यंत न्यावी लागतात, जाऊन येऊन सहा किलोमीटर. त्यांचे गुडघे आता तेवढं चालत नाहीत. उन्हाळ्यात घरच्या आशाबाईंनी डोक्यावरून कळशा वाहून ती पाच जगवली, बाकीची विकली. एवढं सांगून त्यांनी कप खाली ठेवला.

“गुरुजी,” ते म्हणाले, “निशी सांगत व्हती, तुम्ही लई मनाला लावून घेतलंय. नका घेऊ. इंग्रजी कागदाम्होरं तुम्ही काय अन् म्या काय, सारखंच. तुमची काय चूक नाय.”

मी काय केलं असेल? मी मान हलवली. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, आणि ते काही नाटक नव्हतं. निघताना ते माझ्या पाया पडायला वाकले. माझ्याहून चार वर्षांनी मोठा माणूस. मी मागं सरलो, पण तोंडातून शब्द काढला नाही. त्यांनी मला माफ केलं होतं, पण मी जे केलं नाही त्याबद्दल. त्या दिवसापासून चौथ्या मसुद्यावर सही करायला मी पेन उचललं नाही. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

आता गेल्या वर्षीच्या सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेकडं येतो. तू तिथं होतीस, तुला सगळं ठाऊक आहे, पण मला ते माझ्या हातानं लिहायचं आहे.

सरपंचांनी मला मुद्दाम शहरातून बोलावून घेतलं होतं. बावीस वर्षं वाडीच्या शाळेत इतिहास शिकवला, निम्म्या गावाचे कान मी पिळलेले, तेव्हा मी वाचला म्हणजे कागद खरा असा सगळ्यांचा हिशेब. सोलर कंपनीचा करार सत्तावीस पानांचा होता. कंपनीचे अधिकारी सत्यम तो दोन दिवस आधी माझ्या घरी देऊन गेले. बोलायला गोड, मला ‘गुरुजी’ म्हणणारे. मी सभेत पहिली तीन पानं मराठीत सांगितली, कारण तेवढीच मला धड समजली होती. पुढची पानं मी उलटत गेलो आणि “या नेहमीच्या अटी,” असं म्हणत गेलो. मला इंग्रजी येत नाही हे दोनशे माणसांपुढं कबूल करायची लाज वाटली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि मग मी भाषण केलं. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, तसं नव्हतं बरं का ते, चांगलं तयार करून नेलं होतं. साहेबानं आपला कापूस नेला, कोळशावर गिरण्या चालवल्या आणि कापड पुन्हा आपल्यालाच विकलं. त्या धुरानं जगाचं आभाळ तापलं, आणि पाऊस चुकायला लागला तो आपल्या शिवारात. आता पहिल्यांदाच अशी वीज आली आहे जिला ना कोळसा लागतो ना कुणाचं जहाज. ती स्वस्त आहे, स्वच्छ आहे, आणि तिच्यासाठी लागणारं ऊन आपल्याकडं ढिगानं आहे. शेवटी मी हात गायरानाकडं करून म्हणालो की, ही अडतीस एकर जमीन नुसती पडून आहे, ती कामाला लावू या. टाळ्या पडल्या.

तू मागून उठलीस. “सर, ती पडून नाय. आमची शेरडं चरत्यात तिथं. अन् तळ्याचं काय लिवलंय कागदात?”

मी म्हणालो, “तळ्याचं काही नाही त्यात. खाली बस.”

तू बसलीस. वर्गात बसायचीस तशीच. ठराव मंजूर झाला.

तू आठवीत असताना मी फळ्यावर जगाचा नकाशा काढून वसाहतींचा धडा शिकवत होतो, ते आठवतं का? गोरे लोक जिथं गेले तिथं त्यांनी आधी काय केलं, तर ती जमीन रिकामी आहे असं लिहिलं. माणसं राहत होती, शिकार करत होती, जनावरं चारत होती, तरी कागदावर रिकामी. दरवर्षी हे सांगताना माझा आवाज चढायचा. तू विचारलं होतंस की, त्या लोकांनी कागद वाचला का नाही? मी सांगितलं होतं, त्यांच्यात तो वाचणारा कुणी नव्हता. वाडीत तर वाचणारा होता. आणि ‘पडून आहे’ हे शब्द कुठल्या साहेबानं उच्चारले नाहीत, मी उच्चारले. सत्यमनं तर तेही म्हटलं नव्हतं.

इथपर्यंत लिहून मी दोनदा उठलो. एकदा पाणी प्यायला आणि एकदा उगाचच. आता लिहितो.

इंग्रजी मला कळलं नाही हे खरं आहे. पण नकाशाला इंग्रजी लागत नाही.

कराराच्या शेवटी घडी घातलेला नकाशा होता. सभेच्या आदल्या दिवशी दुपारी मी तो जेवणाच्या टेबलावर पसरला. जन्मभर पोरांना नकाशे वाचायला शिकवलेला माणूस मी. ओढा, टेकडी, शाळा, मारुतीचं देऊळ, सगळं ओळखीचं. त्यावर एक लाल रेघ होती, कुंपणाची. ती ओढ्याच्या काठानं निघून तळ्याला पलीकडून वळसा घालून परत येत होती. तळं आत. तळ्याकडं जाणारी वाटही आत. शेजारी उभ्या असलेल्या काकूंनी विचारलं, “तळं कशाला घेतलं यांनी?” मी म्हणालो, विचारतो. आणि विचारलं नाही. नकाशा करारापासून सुटा केला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला. सभेत मी तो नेलाच नाही. तू तळ्याचं विचारलंस तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ती लाल रेघ होती.

मी कंपनीकडून काही घेतलं असं गावात बोलतात म्हणे. नाही घेतलं. तसं असतं तर लोकांना निदान समजलं असतं. मला ती सभा मोडायची नव्हती, बस. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी केलेल्या गोष्टी फळ्यावर लिहिल्या आणि पुसल्या. एकदा वाटलं, आता आपल्या हातून काहीतरी होतं आहे. धुराचं जग संपून उन्हाचं जग सुरू होणार आणि त्याची सुरुवात आपल्या वाडीत माझ्या भाषणानं होणार, असलं काहीतरी डोक्यात शिरलं होतं. एवढ्या मोठ्या गोष्टीपुढं एक तळं आणि बावीस शेरडं मला किरकोळ वाटली. हे लिहिताना माझी मलाच किळस येते.

सोलरवर माझा राग नाही, हेही सांगून टाकतो. ही वीज जगाला हवीच आहे आणि स्वस्तच हवी. पण आपल्या गायरानावरची वीज जाते कारखान्यांना, वाडीला चार खांबांवर दिवे मिळाले आणि दुपारची लाइट अजून जातेच. तळ्याच्या पाण्यानं आता पॅनेलं धुतात. मला सगळ्यात जास्त हे छळतं की, तेव्हा मी सत्यमला नुसता फोन केला असता, तर तळं वगळून रेघ मारायला त्यांना बहुधा काही अडचण आली नसती. तेव्हा ती कागदावर होती. आता तिथं सिमेंटचे खांब आहेत.

गेल्या आठवड्यात फोनवर तू म्हणालीस, “सर, कंपनी म्हणती नकाशा दिला होता. तुम्ही पाहिला का?” मी म्हणालो, नाही पाहिला. निशा, कंपनी खोटं बोलत नाही. दिला होता. मला दिला होता. माझा तो इंग्रजी न कळल्याचा चौथा मसुदा तू सुनावणीत वाचला असतास, तर त्यांच्या वकिलानं एवढंच विचारलं असतं की, नकाशा बघायलाही इंग्रजी लागतं का? आणि तुझा अर्ज तिथंच फेटाळला गेला असता. गावाला नकाशा दाखवला गेला नाही हे सिद्ध करायचं असेल, तर तो कुठं होता हे सांगणारा माणूस पाहिजे. असा माणूस एकच आहे.

म्हणून नवं निवेदन सोबत पाठवतो. चार ओळींचं आहे. त्यात जग नाही, निजाम नाही, आफ्रिका नाही. ‘कराराचा नकाशा माझ्या ताब्यात होता. त्यात तळं आणि वाट कुंपणाच्या आत असल्याचं मला सभेआधी समजलं होतं. मी नकाशा ग्रामसभेपासून लपवला आणि विचारल्यावर खोटं उत्तर दिलं. हे मी कुणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे.’ काकूंनी ते वाचलं. या वेळी ‘छान’ म्हणाल्या नाहीत. पेन शोधून आणून हातात दिलं.

वीस तारखेला, गुरुवारी, कन्नडला सुनावणीला मी येतो. मूळ नकाशा घेऊन येतो. घड्या पडल्या आहेत, पण रेघ स्पष्ट दिसते. त्यानंतर गावात मला कुणी गुरुजी म्हणणार नाही. ते म्हणून घेण्याची सवय फार लागली होती, सुटायला जड जाईल.

आणखी एक. तुझ्या आबांना हे सुनावणीत, परक्या माणसांच्या देखत, पहिल्यांदा कळू नये. उद्या सकाळच्या पिशोरच्या एसटीनं मी निघतो. तिथून वाडीपर्यंत जीप मिळेल, नाहीतर चालत जाईन. तुला हे पत्र शनिवारपर्यंत पोचेल, तोवर मी त्यांच्यापुढं बसून सगळं सांगितलेलं असेल. माफी मागणार नाही. ती मी एकदा फसवून घेतली आहे, दुसऱ्यांदा मागायला तोंड नाही. नुसतं सांगणार आहे. ते ऐकून त्यांनी मला अंगणातून उठवलं, तर तू मधे पडू नकोस, आणि सर म्हातारे आहेत असं त्यांना सांगू नकोस.

तुम्हा सगळ्यांचा अपराधी,
श्रीधर